एक्क्यांची जोडी तीनदा हरली. माझं गणित चुकतंय का?

ठाण्यात राहणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा:

"मी आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करतो. आम्ही सहा मित्र पोकर खेळतो, टेक्सास होल्डेम, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच. आधी मोबाइलवर खेळायचो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांवर चालणारी अ‍ॅप्स बंद पडली, तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार एका मित्राच्या घरी बसतो. बाकीचे सगळे दिवाळीच्या तीन पत्तीतून आलेले, अंदाजपंचे खेळणारे. मी मात्र सुरुवातीच्या दोन पत्त्यांचा १६९ हातांचा तक्ता पाठ केला आहे. एक्क्यांची जोडी ८५ टक्के वेळा जिंकते, असं त्यात आहे. गेल्या चार महिन्यांत ती मला तीनदा आली आणि तिन्ही वेळा हरली. तिन्ही वेळा समोर चौघं जण डावात होते. एकदा तर सत्ती-दुर्रीने मारलं. मित्र म्हणतात, पुस्तकी गणित सोड, इथे नशीब चालतं. मला वाटतं, अडाणी खेळणाऱ्यांसमोर गणित चालत नाही, चांगल्या खेळाडूंसमोर चालेल. म्हणून दिवाळीच्या बोनसचे दीड लाख घेऊन गोव्याच्या कॅसिनोत जायचा विचार आहे. वर्षभराचा हिशेब केला तर घरच्या खेळात मी थोडा फायद्यातच आहे. बायकोला शनिवारचं माहीत आहे, गोव्याचं सांगितलेलं नाही. वडील याला सरळ जुगार म्हणतात. मला ते पटत नाही, कारण यात कौशल्य लागतं. माझं गणित चुकतंय, की नशीब? आणि गोव्याला जावं का?"

नमस्कार.

तुमचा तक्ता बरोबर आहे. चूक एवढीच की त्यातला एक आकडा तुम्ही भलत्याच ठिकाणी लावताय. ८५ टक्के हा आकडा एकाच प्रतिस्पर्ध्यासमोरचा आहे. त्याच्या हातात कोणतेही दोन पत्ते आणि दोघंही शेवटच्या पत्त्यापर्यंत थांबणार, अशा डावाचा. तुमच्यासमोर तर तिन्ही वेळा चौघं होते. समोर दोघं असले की एक्क्यांची जोडी सुमारे ७३ टक्के वेळा जिंकते, तिघं असले की ६४, चौघं असले की ५६. पाचही जण थांबले तर ४९, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तुमच्या हातातले एक्के तेच असतात. पण टेबलावरच्या पाच पत्त्यांतून कुणाला तरी दोन जोड्या, तिकडी किंवा सिक्वेन्स लागण्याची शक्यता माणसांबरोबर वाढत जाते.

आता तुमचे तीन पराभव पुन्हा मोजू. एकाच माणसाविरुद्ध सलग तीनदा हरायचं तर १५ टक्क्यांना १५ टक्क्यांनी दोनदा गुणायचं. उत्तर येतं साधारण तीनशेत एक. तसं झालं असतं तर तुम्ही चक्रावून जाणं साहजिक होतं. पण चौघांविरुद्ध हरण्याची शक्यता ४४ टक्के आहे आणि सलग तीनदा हरण्याची साडेआठ टक्के, म्हणजे बारात एक. तुमच्यासारखे बारा खेळाडू घेतले तर सरासरी त्यातल्या एकाच्या वाट्याला हे येतं. सत्ती-दुर्रीचंही तसंच. एक्क्यांच्या जोडीसमोर ती एकटी असली तरी आठात एकदा जिंकते. तो डाव जिव्हारी लागला म्हणून तुमच्या लक्षात राहिला. मित्राच्या सत्ती-दुर्रीने ज्या डावांत गुपचूप माती खाल्ली, ते तुम्ही मोजलेले नाहीत.

इथे तुमच्या आणि तुमच्यासारख्या इतरांच्या एका गृहीतकाबद्दल बोलायला हवं. टक्का ऐकला की आपण तो या डावाबद्दलचं भाकीत म्हणून ऐकतो. "८५ टक्के" म्हणजे "जिंकणारच, काही तरी गडबड झाली तरच हरेन". तुम्ही टेस्टिंगमध्ये काम करता. एखादी चाचणी तीनदा चालवून सॉफ्टवेअर सदोष आहे की नाही हे तुम्ही ठरवणार नाही. मग पत्त्यांच्या बाबतीत तीन डाव पुरेसे का वाटतात?

डाव किती कमी आहेत ते बघा. ५२ पत्त्यांतून दोन पत्ते १३२६ प्रकारे येऊ शकतात. रंगांचा तपशील सोडला तर त्यांचे १६९ प्रकार होतात: १३ जोड्या, ७८ सूटेड म्हणजे एकाच रंगाचे हात आणि ७८ वेगळ्या रंगांचे. तुमच्या तक्त्यात १६९ चौकोन सारखेच दिसतात, पण त्यांचं वजन सारखं नाही. प्रत्येक जोडी ६ प्रकारे बनते, सूटेड हात ४ प्रकारे, वेगळ्या रंगांचा हात १२ प्रकारे. एक्का-राजा हवा असेल तर तो १६ प्रकारे येतो, एक्क्यांची जोडी फक्त ६. १३२६ भागिले ६ म्हणजे २२१. सरासरी २२१ डावांत एकदा.

घरी पत्ते पिसून, कट करून, हाताने वाटत खेळताना तासाला वीसेक डाव होत असतील. पाच तास बसलात तर शंभर. म्हणजे दर शंभर शनिवारांपैकी ६३-६४ शनिवारी तुम्हाला एक्क्यांची जोडी दिसणारसुद्धा नाही. चार महिन्यांत आठशे डाव झाले असतील आणि त्यात ती तीन-चारदा यायला हवी. तुम्हाला तीनदा आली. पत्ते अगदी हिशेबाने वागताहेत. वर्षभरात ती दहा-बारा वेळा येईल, आणि दहा-बारा वेळांवरूनही ५६ टक्के खरे की खोटे हे कळणार नाही. मित्रांचं "इथे नशीब चालतं" हे म्हणणं एका शनिवारपुरतं खरं आहे. फक्त त्यावरून गणित खोटं ठरत नाही.

मग टक्क्याचा उपयोग काय? १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींमध्ये पत्रव्यवहार झाला. प्रश्न असा होता: पैसे लावून सुरू केलेला खेळ मध्येच थांबवावा लागला, तर डावात लावलेली रक्कम दोघांत कशी वाटायची? आतापर्यंत कोण किती जिंकला हे न बघता, खेळ पुढे चालला असता तर किती वाटांनी कोण जिंकला असता हे मोजा आणि त्या प्रमाणात वाटा, असं त्या पत्रांतून ठरत गेलं. संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया त्या पत्रांनी घातला. तुमच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा याच प्रश्नाचं उत्तर आहे. फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) यायच्या आधी ऑल-इन झालेला, जवळचे सगळे पैसे लावून टाकलेला डाव म्हणजे मध्येच थांबलेला खेळ. पॉटमधला, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतला, तुमचा न्याय्य हिस्सा किती, हे तो टक्का सांगतो. पुढचे पाच पत्ते कोणते येतील याबद्दल तो काहीच सांगत नाही.

हिश्श्याच्या नजरेतून बघितलं की तुमचं दुसरं गृहीतकही तपासता येतं, अडाणी खेळाडूंसमोर गणित चालत नाही हे. समजा प्रत्येकाने ५०० रुपये लावून ऑल-इन केलं. समोर एकटाच असेल तर पॉट हजाराचा, तुमचा हिस्सा ८५ टक्के म्हणजे ८५०, सरासरी नफा ३५०. समोर चौघं असतील तर पॉट अडीच हजारांचा, हिस्सा ५६ टक्के म्हणजे १४००, सरासरी नफा ९००. दुसऱ्या परिस्थितीत तुम्ही जास्त वेळा हरता, पण कमावता अडीचपट. सत्ती-दुर्री घेऊन पैसे लावणारा मित्र तुमचं गणित बिघडवत नाही. वर्षभराच्या हिशेबात तुम्ही जो "थोडा फायद्यात" आहात, तो बराचसा त्याच्यामुळे आहे. चांगला खेळाडू सत्ती-दुर्री पहिल्याच क्षणी टाकून देतो. तुमच्या एक्क्यांना तो पैसेच देणार नाही. म्हणून "चांगल्या खेळाडूंसमोर जावं म्हणजे गणित चालेल" हा विचार सोडून द्यावा असं मी मनापासून सांगेन. गणित तिथेही तेच असतं, मिळकत मात्र कमी होते, कारण तेच गणित समोरच्यालाही येत असतं.

त्या तीन डावांबद्दल मला एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पत्रात नाही. तुमचे पैसे नेमके कधी गेले? फ्लॉपच्या आधी सगळे पैसे आत होते, की आधी थोडेसे आणि नंतर कॉल करत करत, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे भरत? माझा अंदाज दुसरा आहे. लहानसा रेज केल्यावर, म्हणजे लावायची रक्कम थोडी वाढवल्यावर, चौघं जण आत येतात. फ्लॉपवर ७-८-९ असं काही पडतं, कुणी तरी मोठी रक्कम लावतो आणि "एक्क्यांची जोडी कशी टाकू" म्हणून हात सुटत नाही. तसं झालं असेल तर तिथे ५६ टक्केही उरलेले नव्हते. सुरुवातीच्या हाताचा टक्का फ्लॉप पडला की जुना होतो. तीन पत्ते उघडले, चौघांपैकी एक जण जोरात पैसे लावतोय, एवढी नवी माहिती आली की हिशेब नव्याने मांडायचा. पॉटमध्ये ६०० आहेत आणि समोरच्याने ३०० लावले, तर तुम्हाला १२०० च्या पॉटसाठी ३०० द्यायचे आहेत, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. ही शक्यता चारात एकपेक्षा कमी वाटत असेल तर फोल्ड करा, म्हणजे पत्ते टाकून द्या, मग हातात एक्के असोत की आणखी काही. आणि आधीच गर्दी कमी करायची असेल तर रेज मोठा हवा. तुमच्या टेबलावर बिग ब्लाइंडच्या (पत्ते बघण्याआधीच भरावी लागणाऱ्या सक्तीच्या रकमेच्या) तिप्पट रेजला चौघं येत असतील तर सहा-सात पट करून बघा. एक-दोघं आले तर पुढचे निर्णय सोपे होतात. तरीही चौघं आले तर पॉट मोठा झाला, तेही तुमच्याच फायद्याचं.

तीन पत्तीतून आलेल्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पोकरची ओळख याच वाटेने होते. तीन पत्तीत २२,१०० प्रकारे हात येतो आणि त्यातले जवळजवळ १७ टक्के हात जोडीचे असतात, म्हणजे सहात एक. तिथे जोडी हा बऱ्यापैकी दमदार हात आहे आणि त्यानंतर एकही पत्ता येत नाही. होल्डेममध्ये पहिल्या दोन पत्त्यांत जोडी येते सतरात एकदा, म्हणून ती आली की हरखून जायला होतं. पण पुढे पाच पत्ते यायचे असतात. गुलामांची जोडी घ्या. फ्लॉपच्या तीन पत्त्यांत निदान एक राणी, राजा किंवा एक्का पडण्याची शक्यता ५७ टक्के आहे. दश्शीच्या जोडीसाठी हीच शक्यता साडेएकोणसत्तर टक्के होते. दुर्री, तिर्री, चौकीच्या जोड्या तर बहुतेक वेळा तिकडी लागली तरच कामाच्या, आणि फ्लॉपवर ती लागते साधारण साडेआठांत एकदा. म्हणून छोटी जोडी स्वस्तात फ्लॉप बघायला मिळत असेल आणि समोरच्यापुढे त्या कॉलच्या निदान पंधरापट पैसे असतील, तरच ठेवावी. लागली नाही की मुकाट्याने सोडावी.

त्याहून महाग पडते ती एक्क्याची भुरळ. हातात एक्का आणि सोबत छक्की-सत्ती असला हात आपल्याकडे कुणी टाकत नाही. सहा जणांच्या टेबलावर तुमच्याकडे एक एक्का असेल, तर उरलेल्या पाचांपैकी कुणाकडे तरी दुसरा एक्का असण्याची शक्यता जवळपास ५० टक्के आहे. अर्ध्या वेळा! आणि त्याच्या एक्क्याबरोबर राजा असला तर चारांतले जवळपास तीन डाव त्याचे. फ्लॉपवर एक्का पडला की तुम्ही खूश, तोही खूश, आणि पैसे तुमचे जातात. एकाच रंगाच्या पत्त्यांचंही थोडंफार असंच. दोन पत्ते सूटेड असले की फ्लॉपवरच कलर पूर्ण होण्याची शक्यता एक टक्काही नाही. ११९ डावांत एकदा. एक्का-राजा वेगळ्या रंगांचे असले तर एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ६५ टक्के, एकाच रंगाचे असले तर ६७. कमकुवत पत्त्यांत हा फरक साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, पण नव्वी-तिर्री सूटेड आहे म्हणून ती खेळण्याजोगी होत नाही. आणि खुद्द एक्का-राजाला फ्लॉपवर एक्का किंवा राजा मिळतो तो तीनात एकदा. तीनातल्या उरलेल्या दोन वेळा हातात फक्त दोन देखणे पत्ते असतात.

आता गोवा.

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर जाऊन खेळणं तिथल्या कायद्यात बसतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रश्न दीड लाखाचा आणि त्यातून तुम्हाला काय सिद्ध करायचं आहे याचा आहे. समजा तुम्ही १००-२०० च्या ब्लाइंड्सवर, म्हणजे बिग ब्लाइंड २०० रुपये असलेल्या टेबलावर, बसलात आणि रीतीप्रमाणे १०० बिग ब्लाइंड, म्हणजे वीस हजार, घेऊन खेळलात. शनिवार-रविवार मिळून पाचशे डाव खेळून होतील. तुम्ही खरोखर चांगले खेळाडू आहात असंही धरू: दर शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड जिंकणारे. पाचशे डावांत तुमची अपेक्षित कमाई पंचवीस ब्लाइंड, म्हणजे पाच हजार रुपये. या खेळात दर शंभर डावांमागे ८० ते १०० ब्लाइंडचा चढउतार असतो. पाचशे डावांत तो दोनशे ब्लाइंडच्या घरात जातो, म्हणजे वर-खाली चाळीस हजार. पाच हजारांच्या कौशल्यावर चाळीस हजारांची लाट. असा चांगला खेळाडूसुद्धा शंभरातल्या पंचेचाळीस सहलींतून हरून परततो. म्हणजे तुम्ही जिंकून आलात तरी काही सिद्ध होणार नाही, हरून आलात तरी नाही. तुम्हाला ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय, ते एका वीकेंडला तिथे मिळण्यासारखंच नाही.

शिवाय दोन गोष्टी घरच्या टेबलावर नसतात. कॅसिनो प्रत्येक मोठ्या पॉटमधून आपला वाटा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. सगळे बरोबरीचे असले तरी सगळे मिळून हरत असतात. आणि पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के, वर सेस. हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. या डावात जिंकलो, त्या डावात हरलो, एकूण बरोबरी झाली, हे तुमच्या मनाच्या समाधानाला पुरतं. आयकराचा नियम तसं मानत नाही.

वडिलांच्या म्हणण्याबद्दल. कौशल्य आहे म्हणून जुगार नाही, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, तुमचं आणि वडिलांचं दोघांचंही खरं असू शकतं. न्यायालयांचंही यावर एकमत झालेलं नाही. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवलं. २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पोकर आणि रमीला निव्वळ जुगाराच्या शंकेवरून परवानगी नाकारता येणार नाही, असं म्हटलं. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने ऑनलाइनपुरता हा वादच मिटवला. पैसे लावले की खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंदी. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, आणि पोकर त्यात बसतो असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. म्हणून घरच्या खेळात रकमा छोट्या ठेवा आणि ज्याच्या घरी बसता त्या मित्राने "चहा-नाश्त्याचा खर्च" म्हणून पॉटमधून कट काढायची पद्धत कधीही पाडू नका. खर्च वर्गणीने करा. जागा देणाऱ्याने खेळातून नफा कमावला की कायद्याच्या नजरेत चित्र बदलतं.

पण वडिलांना कायद्याच्या कलमाबद्दल काही म्हणायचं असेल असं मला वाटत नाही. त्यांना दिसतंय की मुलगा हरलेल्या डावांबद्दल बोलतोय आणि त्यावर उपाय म्हणून जास्त पैसे घेऊन जास्त मोठ्या टेबलावर जायचं म्हणतोय. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं तेही हेच. आठवून बघा: तिसऱ्यांदा एक्के हरले नसते, तर गोव्याचा विचार आला असता का? उत्तर "नाही" असेल तर हा निर्णय तक्त्यातून आलेला नाही, त्या रात्रीच्या चिडचिडीतून आलाय. आणि बायकोला सांगितलेलं नाही, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत. तुम्हालाही ते बोचत असणार. सांगायची वेळ जायच्या आधीची असते. दीड लाख हरून आल्यावर सांगणं हा कबुलीजबाब होतो, आणि जिंकून आल्यावर सांगितलंत तरी पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर तिचा भरवसा कमी झालेला असेल. बोनस तुमच्या कष्टाचा आहे, पण घर दोघांचं आहे. तिच्यासमोर आकडे मांडा. वर लिहिलेले पाच हजार आणि चाळीस हजार हे दोन्ही आकडे, फक्त पहिला नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी उसने घेऊन खेळत असेल, हरलेलं भरून काढण्यासाठी रक्कम वाढवत असेल, घरी खोटं बोलत असेल, थांबायचं ठरवूनही थांबता येत नसेल, तर त्याच्यासाठी टक्के शिकणं हा उपाय नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या टोकाला आहात असं मला वाटत नाही. वर्षभराचा हिशेब ठेवणारा माणूस अजून शुद्धीवर आहे.

तो हिशेबच थोडा बदला. आता तुम्ही जिंकले-हरले लिहीत असाल. त्याऐवजी प्रत्येक मोठ्या डावाची एक ओळ लिहा: हातातले दोन पत्ते, फ्लॉपच्या आधी किती जण आत होते, कुठे बसलो होतो, पैसे कोणत्या टप्प्यावर गेले. वाटणाऱ्याच्या डाव्या हाताला बसून आणि सगळ्यांत शेवटी निर्णय घ्यायच्या जागेवर बसून तोच हात सारखा खेळता येत नाही, हे तुमच्या तक्त्यात नसेल तर दहा शनिवारांत वहीत दिसेल. सहा जणांच्या टेबलावर शंभरातले वीस-पंचवीस हात खेळणं पुरे. तुम्ही चाळीस खेळत असाल तर वही तेही सांगेल.

ऑल-इन झालं की दोघांच्या संमतीने उरलेले पत्ते दोनदा वाटायचे आणि प्रत्येक वेळी अर्धा पॉट द्यायचा, अशीही एक पद्धत पोकरमध्ये आहे. सरासरी हिस्सा तोच राहतो, चढउतार कमी होतात. तुमच्या टेबलावर ती सुरू करा. भांडणंही कमी होतील.

आणि शनिवारी मित्र यायच्या आधी, पैसे न लावता, एक गोष्ट करून बघा. गड्डीतून दोन एक्के काढून समोर ठेवा. उरलेले पन्नास पत्ते पिसून चार हात वाटा, मध्ये पाच पत्ते उघडा, कोण जिंकलं ते लिहा. पुन्हा पिसा. अशा शंभर वाटण्या करा. मुलं घरात असतील तर त्यांना मोजायला बसवा, त्यांना मजा येईल. छप्पन्नच्या आसपास कुठे तरी आकडा येईल. कधी पन्नास, कधी साठ. त्यात सलग तीन पराभव किती वेळा आले यावर पेन्सिलीने गोल करा. गोव्याचा निर्णय तो कागद बायकोला दाखवून झाल्यावर घ्या. जायचं ठरलंच तर पूर्ण हरली तरी घरात कुणाला जाणवणार नाही एवढीच रक्कम सोबत न्या, आणि कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवून जा.